सिसिलीचे ताट आणि मदकूचे बेट



प्रवास म्हटला की तो लांबचाच असावा, अशी आपल्या मनाची एक समजूत असते. आगगाडीत रात्र काढली नाही, सामानाचे नग मोजले नाहीत, तर प्रवास झाल्यासारखेच वाटत नाही. घरापासून दोन तासांवर असलेले स्थळ आपण ‘केव्हाही पाहू’ म्हणून बाजूला ठेवतो आणि ते ‘केव्हाही’ पुष्कळदा येतच नाही. आमचेही तसेच झाले होते. लग्न होऊन रायपुरास आल्याला मला एकतीस वर्षे झाली. या काळात काशी झाली, रामेश्वर झाले, एकदा काश्मीरही झाले. पण रायपुराहून जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर शिवनाथ नदीच्या पात्रात असलेले मदकू बेट मी पाहिले नव्हते. ते पाहण्याचे निमित्त घडले, तेही भूमध्य समुद्रातील एका बेटामुळे.

आमची मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. दिवाळीला घरी आली, तेव्हा नुकतीच ती पाच दिवसांत सिसिली पाहून आली होती. सिसिली हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट, इटलीच्या अगदी पायाशी. पालेर्मो, त्रापानी आणि सिराकुसा अशी तीन गावे तिने पाहिली. मुलगी शाकाहारी, परदेशात तिच्या जेवणाची मला नेहमीच चिंता. म्हणून देवळे आणि राजवाडे राहू देत, आधी तू खाल्लेस काय ते सांग, असे मी म्हटले.

पालेर्मोच्या बाजारात ‘पानेल्ले’ नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचे, थापून गार होऊ द्यायचे, वड्या कापून तळायच्या आणि पावात घालून खायच्या. “अगं, ही तर आपली पाटवडी!” मी म्हणाले. वांग्याचे तुकडे तळून त्यांत टोमॅटो, सिर्का आणि साखर घातलेली ‘कापोनाता’ ही आंबटगोड भाजी तिला फार आवडली. भाताचे गोळे करून, आत सारण भरून तळलेले ‘आरांचिने’ मात्र नीट विचारून घ्यावे लागतात, कारण पुष्कळांत मांस असते. त्रापानीकडे गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे वाफवून खातात. तो पदार्थ मूळचा समुद्रापलीकडच्या उत्तर आफ्रिकेतला.

असे एका बेटावर इतके देश कसे एकत्र आले, याचेही उत्तर तिने दिले. सिराकुसा हे नगर ग्रीकांनी वसविलेले. पुढे नवव्या शतकात अरब आले. भात, ऊस आणि लिंबाच्या जातीची फळे यांची लागवड त्यांच्या काळात त्या बेटावर रुजली, असे इतिहासकार सांगतात. अकराव्या शतकात उत्तरेकडून नॉर्मन आले. जो जो आला त्याने किल्ला बांधला, कर घेतला आणि कालांतराने त्याची सत्ताही गेली. पण बेटाच्या स्वयंपाकघरात तो काहीतरी ठेवून गेला आणि तिथले काहीतरी त्याच्या ताटात आले.

एवढे बोलून मुलीने सहज विचारले, “आई, आपणही रायपुरात बाहेरूनच आलो ना? मग आपल्या स्वयंपाकघरात इथले काय आहे?”

“तांदूळ,” मी म्हणाले.

“तांदूळ तर दुकानातून येतो,” ती म्हणाली.

ती हसण्यावारी बोलली होती, परंतु मला उत्तर सुचेना. माझ्या सासरची मंडळी तीन पिढ्यांपूर्वी नागपुराहून रायपुरास आली. आजेसासरे रेल्वेत होते. घरात गोडा मसाला नातलग पाठवितात, श्रीखंड होते, पुरणपोळी होते, संक्रांतीला गुळाची पोळी होते. हे सर्व असावेच. त्यात मला काही वावगे वाटत नाही. पण छत्तीसगडचा एकही पदार्थ माझ्या हातून एकतीस वर्षांत झाला नव्हता.

आणि तो पदार्थ माझ्या घरात येत मात्र होता, रोज येत होता. आमच्याकडे तेवीस वर्षे कामाला येणारी बाई आपली भाकर फडक्यात बांधून आणी. दुपारी मागच्या ओट्यावर बसून ती मिरचीच्या चटणीशी खाई. त्या जाड, पानात भाजलेल्या भाकरीला ‘अंगाकर’ म्हणतात, इतके मला ठाऊक होते. मी तिला चहा देत असे, भाजी देत असे, सणाला पुरणपोळी देत असे. तिच्या भाकरीचा तुकडा मात्र मी कधी मागितला नव्हता. माझ्या मनात तिच्याविषयी कमीपणा होता, असे मी आजवर कधी मान्य केले नसते. आता विचार करते तेव्हा वाटते, की घेणे हे देण्याहून कठीण असते आणि मी सोपे तेवढेच केले होते.

बाईचे वय झाले. येत्या चैत्रापासून काम सोडून ती माहेरच्या गावी भावाकडे राहणार आहे. ते गाव शिवनाथच्या काठी, मदकूपासून जवळच. पौष महिन्यात ती चार दिवस तिकडे जाणार होती. “काकी, एकदा तरी या,” असे ती गेली कित्येक वर्षे म्हणत आली होती. मुलगी अजून घरी होती. यजमानांना दोन दिवसांची सवड मिळाली आणि आम्ही निघालो.

अशी सहल करू इच्छिणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडा तपशील देते. रायपूर-बिलासपूर हा हमरस्ता सिमगा, नांदघाट आणि बैतलपूर या गावांवरून जातो. मदकूला जाण्याचा फाटा बैतलपूरजवळ लागतो. आम्ही पहिल्या दिवशी थेट बिलासपूर ओलांडून रतनपूर गाठले, रात्री बिलासपुरास मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी परतताना ताला व मदकू पाहिले. धानाची कापणी झाल्यावरचे, मार्गशीर्ष ते माघ हे महिने यासाठी उत्तम. ऊन सोसवते आणि बाजारात पालेभाज्यांची रेलचेल असते.

रतनपूर ही कलचुरी राजांची जुनी राजधानी. पहिल्या रत्नदेवाने ती अकराव्या शतकात वसविली. महामायेचे मंदिर आणि जागोजाग असलेले तलाव ही या गावाची शोभा. मराठी माणसाचे लक्ष मात्र आपोआप रामटेकरीकडे जाते. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपुरावर स्वारी केली. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले येथे राहून कारभार पाहू लागले आणि १७८७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत ते येथेच राहिले. टेकडीवरचे राममंदिर त्यांच्या काळचे. पायऱ्या चढताना नागपूरजवळचे रामटेक आठवल्यावाचून राहत नाही. घरापासून दूर आलेल्या माणसाने आपल्या घराची एक खूण येथे उभी केली, असे मनात येते.

परंतु इतिहासाचे पुढचे पानही वाचले पाहिजे. बिंबाजीनंतर भोसल्यांच्या राजपुत्रांनी या प्रदेशात राहण्याचे सोडले. १८१८ पर्यंत सुभेदार नेमून नागपुरातूनच कारभार चालविला गेला. महसूल इकडून तिकडे जात होता आणि त्या काळाविषयी या भागात चांगले बोलले जात नाही. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने राजधानी रतनपुराहून रायपुरास नेली आणि १८५४ मध्ये हा मुलूख इंग्रजी राज्यात गेला.

टेकडीवरून खाली उतरताना यजमान म्हणाले, “इथे राहणारा एक आणि नागपुरात बसून धान नेणारे दुसरे. दोघेही मराठीच.” त्यांनी ते भोसल्यांविषयी म्हटले होते. मी मात्र ते स्वतःला लावून घेतले. एकतीस वर्षे मी या मातीतला तांदूळ खाल्ला. पण स्वयंपाकाच्या बाबतीत मीही एका परीने नागपुरात बसूनच रायपुरात राहिले होते.

याला सुंदर अपवादही आपल्याच लोकांत आहेत. माधवराव सप्रे यांचे नाव छत्तीसगडात आदराने घेतले जाते. मराठी घरातल्या या गृहस्थांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. घरचे इकडे द्यावे आणि इकडचे आपले मानावे, हे त्यांना साधले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिलासपुरात न्याहारीला ‘चीला’ घेतला. तांदळाच्या पिठाचे हे पातळ धिरडे म्हणजे कोकणातल्या घावनाचे सख्खे भावंड. बरोबर टोमॅटोची चटणी होती. टोमॅटोला छत्तीसगढीत ‘पताल’ म्हणतात. शेजारच्या ताटलीत ‘फरा’ होता. शिजलेला भात आणि तांदळाचे पीठ मळून त्याच्या बोटाएवढ्या वळकट्या करायच्या, वाफवायच्या आणि तिळाची फोडणी द्यायची. तळण नाही, मसाल्यांची गर्दी नाही. प्रकृतीला जपणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही चालेल असा हा पदार्थ.

वाटेत ताला येथे मनियारी नदीच्या काठी थांबलो. येथे दोन अतिप्राचीन मंदिरांचे अवशेष आहेत. लोक त्यांना ‘देवरानी-जेठानी’ म्हणतात, म्हणजे धाकटी जाऊ आणि थोरली जाऊ. दोघी जावा दगडाच्या होऊनही शेजारी शेजारीच आहेत, असे मुलगी म्हणाली. १९८८ साली येथे सापडलेली भव्य मूर्ती तर विलक्षण आहे. मस्तकावर सर्पांचे वेटोळे, नाकाच्या जागी सरडा, मिशांच्या जागी मासे, कानांच्या जागी मोर. एका देहात जणू सारे अरण्य वसले आहे. अभ्यासक तिला रुद्रशिव म्हणतात. परंतु तिच्या अर्थाविषयी त्यांच्यात अद्याप एकमत नाही.

तेथून मदकू. शिवनाथ ही महानदीची मोठी उपनदी. येथे तिच्या पात्राचे दोन फाटे होतात आणि मध्ये झाडीने भरलेले बेट राहते. मांडूक्य ऋषींचे हे स्थान म्हणून मदकू असे नाव पडले, अशी लोकांची श्रद्धा आहे. २०११ च्या सुमारास येथे उत्खनन झाले, तेव्हा एका ओळीत बांधलेल्या लहान लहान मंदिरांचे अवशेष मातीखाली मिळाले. पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली ती रांग पुन्हा उभी करण्यात आली. वाळूचा दगड, वर मोठाली झाडे, दोन्ही बाजूंना वाहते पाणी. सिसिलीसारखा समुद्र नाही, राजवाडे नाहीत. तरी बेटावर पाऊल टाकताच मन निवते, ते येथेही निवले. याच मदकू घाटावर शंभराहून अधिक वर्षे ख्रिस्ती बांधवांचा मेळाही भरत आला आहे. नदीने वेगळी केलेली ही जागा माणसांना एकत्र आणण्याच्या कामी आली, हे मला फार आवडले.

दुपारी बाईच्या माहेरी पोहोचलो. सारवलेले अंगण, एका बाजूला धानाची कोठी, आत चुलीचा धूर. बाई दारात उभी होती. तेवीस वर्षे मी तिला माझ्या घरी पाहिले होते; तिच्या घरी तिला प्रथमच पाहत होते. तेथे ती मालकीण होती. भावजयीला सूचना देत होती, मुलांना दटावीत होती, आणि आम्हांला बसायला सांगताना तिच्या आवाजात एक वेगळाच भारदस्तपणा होता.

ताटे आली. पळसाच्या पानात निखाऱ्यांवर भाजलेला अंगाकर, पतालची चटणी, तिवऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि ‘इडहर’. हा शेवटचा पदार्थ पाहून मी थक्क झाले. अळूच्या पानांना वाटलेल्या उडदाच्या डाळीचा लेप द्यायचा, गुंडाळून वाफवायचे, वड्या कापायच्या आणि त्या आंबट कढीत सोडायच्या. आपल्या अळूवडीने डाळीचे पीठ सोडून उडीद धरला आणि कढीत उडी घेतली, एवढाच काय तो फरक. अंगाकरच्या वर पानाच्या शिरांचा ठसा उमटला होता आणि त्याला धुराचा मंद वास होता. माझी आजी केळीच्या पानात पानगी करी, तिची मला आठवण झाली. पन्नास वर्षांपूर्वीची ती चव मी कोकणात हरवली समजत होते. ती माझ्याच घराच्या मागच्या ओट्यावर रोज येत होती!

मी बाईला म्हटले, “इतकी वर्षे झाली, मला कधी एक घास दिला नाहीस?”

ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही कधी मागितला नाही, काकी.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, उपरोध तर नव्हताच. जे घडले होते तेच ती सांगत होती. मी मान खाली घालून आणखी एक तुकडा मागून घेतला. तिने तो दोन तुकडे करून वाढला.

अंगाकर कसा करतात, ते तिच्या भावजयीने दाखविले. शहरातल्या गृहिणींनाही तो जमण्यासारखा आहे. दोन वाट्या शिजलेला, शक्य तर आदल्या रात्रीचा भात घ्यावा. तो हाताने मोडून त्यात मावेल तितके तांदळाचे पीठ आणि चवीपुरते मीठ घालून घट्ट मळावे. लागल्यास पाण्याचा हबका द्यावा. पळसाचे पान न मिळाल्यास केळीचे पान घ्यावे. पानावर बोटभर जाडीची भाकर थापून वर दुसरे पान ठेवावे. जाड तव्यावर झाकण घालून अगदी मंद आचेवर भाजावी, पान करपू लागले की उलटावी. घाई केल्यास बाहेरून जळते आणि आत कच्ची राहते. उरलेल्या भाताचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

उरलेल्या भातावरून ‘बोरे’ आणि ‘बासी’ यांविषयीही दोन शब्द. भात पाण्यात घालून त्याच दिवशी खाल्ला तर बोरे, रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी खाल्ला तर बासी. कांदा, हिरवी मिरची किंवा ताकाबरोबर खाऊन शेतकरी उन्हात कामाला जातो. नावातला शिळेपणा ऐकून आम्ही नाक मुरडीत असू. २०२२ साली कामगार दिनी राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी सर्वांनी बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी ती खाल्ली आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. माझे म्हणणे इतकेच, की त्यासाठी कोणा मोठ्या माणसाच्या आवाहनाची वाट पाहण्याची गरज नव्हती. शेजारच्या ओट्यावर पाहिले असते तरी पुरे होते. मात्र उन्हाळ्यात पाणी व भांडे स्वच्छ असावे आणि आंबूस वास आल्यास तो भात लहान मुलांना देऊ नये, ही काळजी घ्यावी.

निघताना बाईने ठेठरी आणि खुरमी बांधून दिली. ठेठरी बेसनाची, चवीला आपल्या कडबोळ्यांच्या जवळची. खुरमी गुळाची, शंकरपाळ्यांची चुलत बहीण. मुलीने त्यातला अर्धा पुडा जर्मनीला नेला. तेथे तिने तो मैत्रिणींना दिला आणि ‘हा आमच्या गावचा खाऊ’ असे सांगितल्याचे कळविले. आमचे गाव म्हणजे रायपूर, हे तिने किती सहज म्हटले!

ज्यांना इतके जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी रायपुरातच महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली ‘गढ कलेवा’ सुरू झाले. महिलांच्या बचत गटाने चालविलेल्या या उपाहारगृहाने चीला, फरा, ठेठरी हे पदार्थ शहरातल्या लोकांसमोर मानाने मांडले. तथापि विकत घेऊन खाणे आणि कोणाच्या घरी मागून खाणे यांत अंतर आहे, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

आपल्यापैकी अनेकांची घरे नोकरीधंद्यामुळे मूळ गावापासून दूर वसली आहेत. कोणी इंदुरात आहे, कोणी बडोद्यात, कोणी हैदराबादेत. आपली पुरणपोळी जपावी, तिच्याशिवाय सण होऊ नये. पण ज्या गावाचे पाणी आपण पितो, तेथला निदान एक पदार्थ तेथल्याच कोणाच्या हाताखाली शिकावा. त्यासाठी दोन दिवसांची सवड आणि एकदा मागण्याचे धैर्य, एवढेच लागते.

चैत्राला अजून दोन महिने आहेत. दर बुधवारी आमच्याकडे आता अंगाकर होतो. माझा पहिला तुटला, दुसरा आत कच्चा राहिला. तिसरा बाईने हातात घेऊन उलटसुलट पाहिला, एक तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.” त्या दिवशी ती मागच्या ओट्यावर गेली नाही. आमच्याबरोबर आत बसूनच जेवली.